मावशीचा पत्ता

नमस्कार मंडळी. बसा, बसा, माझ्यासाठी कोणी उठू नका. सेक्रेटरी, हा माईक जरा खाली करा. अजून. हां, आता तोंडाशी आला. हा शिट्टी मारणार, मला आधीच डाऊट होता. मारली बघा.

मला वाटलं होतं पंधरा-वीस माणसं असतील. इथे तर गणपतीच्या मांडवाएवढी गर्दी आहे. रिक्षा स्टँडवरचे दादा आलेत. छपाईच्या प्रेसवाले साईं कॅम्प तीनवरून आलेत. बदलापूरहून दोघी मास्तरणी आल्यात. आपली चाळ तर आहेच. विश्वासराव आज इथे असते तर म्हणाले असते, "मावशी, एवढी गिऱ्हाइकं जत्रेच्या दिवशी कुठे होती?"

हसलात तरी चालेल. मी स्वतः हसणार आहे. शालन, तू रागावू नकोस गं. तुझा नवरा गेलाय आणि ही म्हातारी दात काढतेय, असं लोक म्हणतील. म्हणू देत. रडायचं ते मी गेले बारा दिवस घरात रडून घेतलंय.

सेक्रेटरी म्हणाले, मावशी, पाच मिनिटं बोला. चांगलं बोला. माणूस मनमिळाऊ होता, कष्टाळू होता, असं. ते सगळं आधीच्या चौघांनी सांगितलं. मला ते येत नाही. आणि बोलणं मला अवघड जातंय ते निराळ्याच कारणाने. मला आज एक कबुली द्यायची आहे. मी विश्वासरावांपासून एक गोष्ट लपवली. सहा वर्षं लपवली. आणि मला डाऊट आहे की त्यांना ती माहीत होती.

तुम्ही मला पाठीमागे 'डाऊट मावशी' म्हणता. मला माहीत आहे. कोणी ठेवलं हे नाव तेही माहीत आहे, तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आता खाली बघतोय. पण खोटं नाही. दूधवाला पाणी घालतो, मला आधीच डाऊट होता. कंपनीला टाळं लागणार, मला आधीच डाऊट होता. माझी स्वतःची मुलगी कोणावर भाळलीय, तेही तिच्याआधी मला कळलं होतं. मला कशाचं म्हणून नवल वाटत नाही. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर टाळ्यापासूनच सुरू करते. एमआयडीसीतल्या कंपनीत विश्वासराव नक्षे काढायचे. मशिनच्या भागांचे, बारीक बारीक रेघांचे. कंपनीला टाळं लागलं आणि हा माणूस घरात बसला. बाकीचे घरी बसले ते ओट्यावर बसले. हे दार लोटून बसले. समोरच माझं दार. मी दिवसभर जीन्सचे धागे कापत बसलेली. कॅम्प तीनच्या कारखान्यातून गठ्ठे यायचे, आपण शिलाईची उरलेली टोकं कापायची आणि गठ्ठा परत द्यायचा. हात कामात, डोळे मोकळे. मोकळे डोळे कुठे जाणार? समोर.

फटीतून काय दिसलं? पुठ्ठ्याचे सारखे सारखे तुकडे. बारीक निबाचं पेन. हिरवी शाई. स्टीलची पट्टी. एक एक तुकडा उचलून उजेडाशी धरायचा, बघायचा, खाली ठेवायचा. मी म्हटलं, झालं. हा नोटा छापतो.

हसताय काय? तुम्हाला काय वाटलं असतं? नाव विश्वास, आणि दार बंद.

मी आमटीची वाटी घेतली आणि गेले. चौकशीला जाताना आपल्या बायकांचं हत्यार तेच, वाटी. दार ढकललं तर पाटावर पत्ते. पण आपले नेहमीचे पत्ते नाहीत, राजा-राणी-गुलाम काही नाही. एकावर डबेवाला, एकावर नारळ घेतलेली बाई, एकावर कापडाचं बोचकं घेतलेला शेठ. मी म्हटलं, "हे काय?"

ते म्हणाले, "मावशी, खेळ बनवतोय. पत्त्यांचा."

"पत्ते बनवायचे कशाला? बाजारात मिळतात की."

"तसले नाही. नवीन खेळ. माझा."

"कुठल्या कंपनीसाठी?"

"कंपनी नाही. मीच."

"मीच म्हणजे?"

"मीच म्हणजे मीच. चित्रं मी, नियम मी, डबी मी चिकटवणार, विकायला मी जाणार."

मला नोटांचा डाऊट परवडला असता. धडधाकट माणूस, पोरंबाळं घरात, आणि खेळ बनवतो! पण ते म्हणाले, "बसा. खेळता येतात का पत्ते?"

आता इथे मला जरा मागे जावं लागेल. सेक्रेटरी, घड्याळ बघू नका.

पत्ते मला येतात का? माझ्या सासरी ओट्यावर रोज दुपारी पुरुषांचा डाव बसायचा. मी चहा द्यायची आणि कप परत घ्यायला उभी राहायची. मागे. तीस वर्षं मी लोकांचे पत्ते मागून बघितले. कोणाच्या हातात हुकूम आहे, कोण उगाच ऐट करतोय, कोण आता रडणार आहे, सगळं दिसायचं. पण मागून बघणाऱ्याने बोलायचं नाही, हा तर पत्त्यांचा पहिला कायदा. एकदा मी नुसतं "अं" केलं होतं, तर मालकांनी कप भिरकावला होता. तीस वर्षांत मला कोणी एक पत्ता वाटला नाही. म्हणजे बघा, खेळ सगळा येतो, आणि खेळलेली एकदाही नाही.

विश्वासरावांनी पत्ते पिसले आणि माझ्यासमोर वाटायला लागले. एक तुम्हाला, एक मला. एक तुम्हाला, एक मला. माझ्या हातात माझे पत्ते. माझे! मी धाग्याचा गठ्ठा विसरले, आमटी विसरले. वाटी दोन दिवस तिथेच होती. शालन, हो की नाही?

पहिल्या दिवशीचा तो डाव नुसता कच्चा होता, चित्रं तेवढी पुढे राहिली. खरा खेळ कसला झाला ते सांगते, कारण शालनच्या माहेरच्यांना माहीत नसेल. तो खेळ माझ्याच बडबडीतून निघाला. मी एकदा करवादत होते की रिक्षावाला आत चिटपाखरू नसताना ओरडतो, "कॅम्प तीन, एक सीट, एक सीट!" आपण धावत जातो, बसतो, आणि मग अर्धा तास बाकीच्या तीन सीटची वाट बघतो. दादांनो, खरं की नाही? माना हलवू नका नुसत्या, सुधारा. तर विश्वासराव ते ऐकून पेन्सिल शोधायला लागले. आठ दिवसांनी खेळ तयार. नाव काय? 'एक सीट'.

प्रत्येकाची एक रिक्षा. चार सीट भरायच्या. पत्ता उलटा ठेवायचा आणि सांगायचं, हा डबेवाला, ही नारळवाली. खरं सांगा नाहीतर खोटं. पण कॅटमध्ये, म्हणजे सगळ्या पत्त्यांत मिळून, दोन पत्ते खिसेकापूचे. तो हातात आला की त्याला दुसऱ्याच्या नावाने आपल्या रिक्षात गुपचूप बसवायचं. समोरच्याला डाऊट आला की त्याने म्हणायचं, "उतर!" मग पत्ता उलटायचा. चोर निघाला तर तुम्ही हरलात. साधा माणूस निघाला तर डाऊट घेणारा हरला. माझ्यासारखीसाठीच केलेला खेळ! फक्त "उतर" मला म्हणवत नसे. दुसऱ्याच्या नवऱ्याला अरे-तुरे कसं करणार? मी म्हणायची, "उतरा, विश्वासराव." ते म्हणायचे, "मावशी, चोराला कसला मान देता?"

मला खेळायला का बसवायचे? मी विचारलं होतं एकदा. ते म्हणाले, "जो खेळ मावशींना न वाचता खेळता येईल, तो कुठेही खपेल." मी दुसरीपर्यंत शिकले. मोठी अक्षरं लावता येतात. बारीक अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. लोकांना मी सांगते की डोळे गेले. डोळे कुठले जातायत! जीन्सच्या शिलाईत अडकलेला निळ्यात निळा धागा मला दिसतो. अक्षरं तेवढी ओळख देत नाहीत. हे आज पहिल्यांदा चारचौघांत बोलले. आता कबुलीच द्यायची तर सगळीच देऊ.

तर ते दुपारी यायचे. रोज एकच नियम बदलायचे, दुसरा नाही. आज खिसेकापू तीन करून बघू. आज सीट पाच करू. आज पत्ते कमी वाटू. खेळताना ते पत्त्यांकडे बघत नसत, माझ्याकडे बघत. मी जांभई दिली की वहीत काहीतरी खरडायचे. मी रागावले की खूश. एकदा मी पत्ते फेकून उठले तर म्हणाले, "वा! हा नियम ठेवायचा." दीड वर्ष हे चाललं. लोक काय बोलत होते, ते इथे बसलेल्या लोकांना माहीत आहे. घरात जुगार चालतो म्हणे. एक जण तर म्हणाला, म्हातारीला लुबाडतोय. लुबाडायला माझ्याकडे होतं काय? कात्री?

आणि प्रेसवाले साईं, तुम्ही पण! मी बरोबर गेले होते तुमच्याकडे पहिल्यांदा. आठवतंय ना? साईंनी पत्ते बघितले, चष्मा वर केला आणि विचारलं, "अम्मा, ये जुआ तो नहीं है ना? मेरे को लफडा नहीं मांगता." मी म्हटलं, जुआ नहीं, रिक्षा है. मग साईं म्हणाले, "डिब्बे पे कंपनी का नाम क्या डालूं?" विश्वासराव म्हणाले, कंपनी नाही, घरचा पत्ता टाका. साईं म्हणाले, "पत्तों पे पत्ता?" आणि असे हसले की मशीन बंद करावं लागलं. तेच साईं आज पहिल्या रांगेत डोळे पुसतायत. साईं, तुमच्यावर मी तेव्हा डाऊट घेतला होता की तुम्ही कागद हलका लावाल. नाही लावलात. माफी असावी.

आता कबुली. जरा पाणी द्या. नको, राहू दे.

महाशिवरात्रीच्या आठ दिवस आधी छापलेले पत्ते आले. खोकीच्या खोकी. विश्वासरावांनी पहिली डबी उघडली ती माझ्या घरी. शालनला पण नंतर दाखवली. म्हणाले, "पहिला डाव मावशींशी." नव्या कागदाचा वास, गुळगुळीत, पाठीवर हिरवी नक्षी. मी हातात घेतले आणि मला दिसलं.

काय दिसलं? सगळ्या पत्त्यांच्या पाठीवर हिरवी नक्षी कडेपर्यंत. फक्त दोन पत्त्यांच्या एका कडेला पांढरी रेघ. केसाएवढी. छापताना कागद सरकला असेल नाहीतर कापताना. आणि ते दोन पत्ते कुठले? छापायच्या मोठ्या कागदावर अगदी शेवटी, कोपऱ्यात मांडलेले. दोन्ही खिसेकापू.

म्हणजे पाठीवरून चोर ओळखू येत होता. सगळा खेळ मातीत.

मला हे पहिल्या डावात कळलं. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "उतरा, विश्वासराव."

चोर निघाला. दुसरा डाव. "उतरा." चोर. तिसरा, चौथा, पाचवा. पाचही डाव मी जिंकले. विश्वासराव डोकं खाजवत म्हणाले, "मावशी, तुम्हाला कळतं कसं?"

मी म्हटलं, "तुमच्या तोंडावरून कळतं."

मंडळी, मी का बोलले नाही? गेले बारा दिवस मी स्वतःला हेच विचारतेय. त्यांचं वाईट चिंतलं होतं का? देवाशपथ नाही. पण जिंकण्याची चव मला माहीत नव्हती. म्हटलं आज जिंकते, उद्या सांगते. उद्या पण जिंकले. रोज वाटायचं, उद्या. आणि मग एक असंही वाटायला लागलं की एवढी बारीक रेघ कोणाला दिसणार? माझे डोळे धाग्यावर घासलेले. दुसऱ्याला नाही दिसायची. मागून बघायचं आणि गप्प बसायचं, हे मला लग्नापासून शिकवलेलं. ते मी केलं. फक्त या वेळी मी मागे उभी नव्हते हो. मी समोर बसले होते.

शिवमंदिराची जत्रा. विश्वासरावांनी चादर अंथरली, डब्यांची उतरंड रचली. शेजारी मी भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसले. सकाळी बरं चाललं. ते ओरडत होते, "एक सीट, एक सीट!" आणि लोकांना वाटायचं रिक्षा आहे, म्हणून वळून बघायचे. वळले की फसले. मला इतका आनंद झाला होता! माझ्या खेळाला लोक हात लावत होते. 'माझ्या' म्हटलं, बघा. त्यांच्या.

दुपारी कॉलेजची चार-पाच मुलं डबी घेऊन तिथेच खेळायला बसली. दोन डाव झाले आणि एक मुलगी उठून आली. गोड होती, चष्मा होता. म्हणाली, "काका, चोर तर पाठीवरूनच दिसतो की. ही बघा पांढरी रेघ."

मुलं हसली. बघे जमले. विश्वासरावांनी पत्ता हातात घेतला, उन्हात धरला. दुसरी डबी फोडली. तिसरी फोडली. सगळ्यांत तीच रेघ. ज्याने आयुष्यभर केसाच्या जाडीची मापं काढली, तो माणूस नखाने ती रेघ मोजत होता.

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी गालावर हात मारला आणि म्हणाले, "अगंबाई! खरंच की!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग चादर गुंडाळली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळी खोकी उघडली. पाटावर पत्र्याचा तुकडा, स्टीलची पट्टी, पाती. प्रत्येक पत्ता कडेने केसभर कापायचा. सगळे सारखे लहान झाले की रेघ गेली. डोंगराएवढं काम, एकटा माणूस. मी गेले. म्हटलं, माझी कात्री आहे, कोपरे मी गोल करते. ते म्हणाले, "बसा." तीन आठवडे आम्ही बसलो. मी मनात म्हणायची, आता सांग. आता सांग. ते म्हणायचे, "मावशी, चहा?" मी म्हणायची, द्या. संपलं.

त्या तीन आठवड्यांत त्यांनी एक नवीन पत्ता काढला. साईंनी फुकट छापून दिला, प्रत्येक डबीत एक एक घातला. पत्त्यावर एक म्हातारी. नऊवारी, कमरेला कात्री, डोळे असे बारीक. मी! तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. मी तर नाचले. चाळभर दाखवत फिरले. नातवंडांच्या शाळेत पाठवला. माझा फोटो कोणी कधी काढला नव्हता, आणि इथे डबी-डबीत मी. नियम त्यांनी मला तोंडी सांगितला. हा 'मावशी' पत्ता ज्याच्याकडे येईल त्याने समोरच्याच्या रिक्षातली एक सीट उचलून बघायची. आणि मग तो डाव संपेपर्यंत गप्प बसायचं. "उतर" म्हणायचं नाही. बोललात तर हरलात.

मी म्हटलं, "हा कसला नियम? चोर दिसला तरी गप्प?"

ते म्हणाले, "बघा खेळून. फार अवघड असतं."

सहा वर्षं मी तो पत्ता खेळले, मंडळी. सहा वर्षं. चोर बघायचा आणि तोंड मिटून बसायचं. आणि मला कळलं नाही! जिला सगळ्या जगाचा डाऊट, तिला हातातल्या पत्त्याचा डाऊट आला नाही.

प्रत्येक पत्त्याच्या खाली ते बारीक अक्षरात गमतीची एक ओळ लिहायचे. खेळायला ती लागत नसे. नारळवालीखाली लिहिलंय, 'नारळ आहे, सुट्टे नाहीत.' ती मला नातीने वाचून दाखवली होती. माझ्या पत्त्याखाली काय, हे मी विश्वासरावांनाच विचारलं होतं. म्हणाले, "चांगलंच लिहिलंय, मावशी." मी त्यावर खूश. दुसऱ्या कोणाला वाचायला लावणार कशी? स्वतःच्या पत्त्यावरचं स्वतःला वाचता येत नाही म्हणजे लाजच की.

त्या सोमवारी ते साईंकडे नव्या खेळाचं प्रूफ बघायला गेले. खुर्चीत बसले, कागद मांडीवर घेतला, आणि उठलेच नाहीत. माझ्या दारात निरोप आला तेव्हा माझं काय झालं ते शेजारणीला विचारा. आयुष्यात पहिल्यांदा मला कसलाच डाऊट आला नव्हता.

परवा शालन माझ्याकडे आली. हातात पहिला कॅट, जत्रेतला, पांढऱ्या रेघेचा. म्हणाली, मावशी, हा तुमच्यासाठी वेगळा ठेवला होता यांनी. वर तो मावशीचा पत्ता होता. मला राहवलं नाही. म्हटलं, शालन, माझा चष्मा आत आहे, खाली काय लिहिलंय तेवढं वाच.

शालनने वाचलं. 'हिने पाहिलंय. हिला विचारू नका.'

मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं.

मी विचारलं, "म्हणजे त्यांना माहीत होतं?"

शालन म्हणाली, "मावशी, जत्रेतून आले तेव्हा एवढंच म्हणाले होते. मावशींना कधी कशाचं नवल वाटत नाही. आज वाटलं."

बघा. सांगितलं होतं ना लक्षात ठेवा म्हणून? त्या दिवशी मी नेहमीसारखं "मला आधीच डाऊट होता" म्हणाले असते, तर सुटले असते. मी "अगंबाई" म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. 'तोंडावरून कळतं' असं मी त्यांना जे खोटं सांगितलं होतं, ते त्यांनी खरं करून दाखवलं.

शालन गेली आणि मी एकटी बसून हसले. किती हसले! मग रडले, मग परत हसले. त्या माणसाने माझी चोरी पकडली आणि मला एका शब्दाने "उतर" म्हटलं नाही. आपल्या रिक्षात बसवून ठेवलं. सहा वर्षं.

आता माझा डाऊट तुमच्यावर आहे. तुम्ही सगळ्यांनी ती ओळ वाचली असणार. शंभर वेळा वाचली असणार. कोणाला कळलं होतं? हात वर करू नका. मला बघायचं नाही. तुम्हीही गप्प बसलात, तर आपण सारखेच.

पण एक डाऊट राहिलाच. 'विचारू नका' हे त्यांनी लोकांना सांगितलं की स्वतःला? त्यांना विचारायचं होतं आणि ते थांबले, की मी आपणहून सांगेन म्हणून वाट बघत होते? रोज दुपारी यायचे, माझ्याकडे बघत बसायचे. मी समजायची, जांभई मोजतायत. हे आता कोण सांगणार? शालनला माहीत नाही. वहीतही नाही, आम्ही पाहिलं.

म्हणून मी आज बोलायला उभी राहिले. विश्वासराव, तुम्ही विचारलं नाहीत. मी न विचारता सांगते. मला दिसली होती ती रेघ. पहिल्या डावात दिसली होती. तुमचा खेळ चांगला होता. मीच चोर होते.

आणि मला कोणी "उतर" म्हटलं नाही. तुम्हालाही कोणी म्हटलं नव्हतं हो. न सांगता का उतरलात?

हा पत्ता मी त्यांच्या फोटोपाशी ठेवते. सुलटा ठेवते. आता त्यात लपवायचं काही नाही.

उठा सगळे. दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे. साईं, तुम्ही बसूनच राहा, गुडघे दुखतात तुमचे. सेक्रेटरी, आता लावा घड्याळ.

गप्प बसायची मला फार सवय आहे. आज तेवढं आधी सांगून टाकलंय, आणि मग गप्प बसतेय.